रविवारचा विद्यार्थी

माझी लाडकी लेक मित्रा,

काल तुझ्या वर्गाची शेवटची परीक्षा झाली, प्रोजेक्टची. मुलांनी आग्रहानं बोलावलं म्हणून मी गेलो होतो. परत आलो तेव्हा आईनं दारातच विचारलं, कसं झालं? मी ‘चांगलं झालं’ म्हणालो आणि चपला काढायला खाली वाकलो, तो बराच वेळ वाकूनच राहिलो. ती आत निघून गेली. आज सकाळी ती विहारात गेली आहे. आली की तिला सगळं सांगायचं आहे, आणि एक गोष्ट विचारायचीही आहे. पण त्याआधी तुझ्याशी बोलावंसं वाटलं. तू असतीस तर तुलाच विचारलं असतं ना मी, की आईशी हा विषय कसा काढू?

तुला मी कधी पत्र लिहिलं नाही. हैदराबादला नोकरीला होतीस तेव्हा रोज संध्याकाळी तुझा फोन यायचा. जेवलात का, गोळी घेतली का, आईचा गुडघा कसा आहे. पत्राची गरजच पडली नाही. आता दुसरं काही उरलं नाही, म्हणून हे.

आधी माझी एक जुनी तक्रार. ती चांगली नोकरी सोडून तू आदिलाबादला परत आलीस, विद्यापीठाच्या इथल्या कॉलेजात कॉम्प्युटर सायन्स शिकवायला, तेव्हा मला विचारलंसुद्धा नाहीस! एका सकाळी बॅग घेऊन दारात उभी. "बाबा, मी मास्तरीण होऊन राह्यली. तुमच्यासारखी." मी मराठी शाळेत आयुष्यभर गणित शिकवलं, मला आनंद झालाच. पण तू माझ्यासारखी मास्तरीण होणार नव्हतीस, हे मला पहिल्या चाचणीलाच कळलं.

आठवतं तुला? पेपर तपासायला घरी आणले होतेस. तपासता तपासता थांबलीस आणि मला जवळ बोलावलंस. एका प्रोग्राममध्ये एक चिन्ह चुकलं होतं. दुसऱ्या पेपरात त्याच जागी तीच चूक. तिसऱ्यातही. बाजारातल्या गाइडमध्ये छपाईची चूक होती आणि जवळजवळ सगळ्या वर्गानं ती चुकीसकट पाठ केली होती. मला हसू आलं. तू हसली नाहीस. मुलं प्रोग्राम लिहीत नाहीत, पाढ्यासारखा म्हणतात, असं म्हणालीस आणि पेपर बाजूला सारलेस.

मी पाठांतराची बाजू घेतली. अजूनही घेतो. माझा बाप तामसी गावाकडं दुसऱ्यांच्या शेतात राबला, त्याला स्वतःचं नाव लिहिता येत नव्हतं. मी ढोरांमागं फिरता फिरता पाढे पाठ केले आणि त्या पाढ्यांनीच मला मास्तर केलं. पाठांतराला कोणी नावं ठेवलेली मला सहन होत नाहीत. तू सगळं ऐकून घेतलंस, माझ्या ताटात भाकर वाढलीस आणि हळूच म्हणालीस, "तुमचा पाढा चुकला तर तुमाले समजत होतं, बाबा. या पोरायचा चुकला तर यायले समजत नाई."

त्यानंतर तू वर्गात लिहून देणं बंद केलंस. घरी येऊन सांगायचीस, आज मी काही शिकवलं नाही, नुसतं विचारलं. काय विचारलं? तर, तुमच्या घरी कशाचा त्रास आहे? कॉम्प्युटरच्या तासाला हा काय प्रश्न झाला, असं मला वाटायचं. मुलांनाही वाटलं असेल. कोणी बोलेना. मग नेरडीगोंड्याच्या आतल्या बाजूच्या एका गोंड वस्तीतून येणारी जंगूबाई, जी हजेरीलाही मान हलवायची, ती म्हणाली, "बस." एवढंच. तिच्या गावाहून बस कधी यायची कधी नाही, कुठं उतरून दुसरी पकडायची ते कोणाला नीट माहीत नसायचं आणि तिचा पहिला तास रोज बुडायचा. तू तो एक शब्द फळ्यावर लिहिलास. त्या वर्षाचा निम्मा अभ्यास त्या ‘बस’वर झाला!

आणि तो गोंडीचा दिवस. घरात शिरल्या शिरल्या तू मला सांगितलंस. जंगूबाईला एक गोष्ट समजली होती पण तेलुगूत सांगता येईना, इंग्रजीत तर नाहीच, मराठीतही अडखळली. तेव्हा तू म्हणालीस, गोंडीत सांग. वर्गात गोंडी येणारी आणखी एकच मुलगी होती. जंगूबाईनं तिला फळ्यापाशी नेऊन समजावलं आणि तू बाकावर बसून ऐकलंस. "बाबा, मले एक अक्षर समजलं नाई," तू म्हणालीस, "अन् इतका चांगला तास माझा आजवर झाला नाई." तुझा तो चेहरा माझ्या डोळ्यांपुढून जात नाही, मित्रा. फोटोतला जातो, तो जात नाही.

एकदा तू मलाही वर्गात नेलंस. मागच्या बाकावर बसवलंस. त्या दिवशी कॉम्प्युटर बंदच होते. मुलं व्हरांड्यात उभी होती आणि त्यांच्या हातात सुतळी. प्रत्येक जण एकेक गाव झाला होता आणि सुतळी म्हणजे रस्ता. कोणत्या गावाहून कोणत्या गावाला कमी वेळात कसं पोचायचं, ते सुतळ्या ओढून शोधणं चाललं होतं. गलका एवढा की शेजारच्या वर्गातून विभागप्रमुख बाहेर आले. त्यांनी तेलुगूत विचारलं की काय चाललंय. समोरचा पोरगा घाबरून म्हणाला, "सर, मी नेरडीगोंडा आहे." सगळे हसले, तेही थोडे हसले. पण जाताना तुला बाजूला घेऊन अभ्यासक्रम किती मागं पडला आहे ते विचारून गेले. परतताना मी म्हणालो की गोंगाट फार होता. तू म्हणालीस, "हाव, पण झोपलेलं कोणी होतं का?" नव्हतं. तेवढं मी कबूल केलं.

त्या सत्राचा निकाल लागला तेव्हा मार्क घसरले. माझ्या मनात होतंच ते. गाइड पाठ करणाऱ्या दुसऱ्या वर्गाचे जास्त आले. सगळ्यात जास्त घसरला श्रीकांत, पहिला येणारा पोरगा. त्याचे वडील, कापड दुकानवाले, आपल्याकडं आले. ते माझे जुने विद्यार्थी, म्हणून तुझ्याकडं न जाता माझ्याकडं. "गुरुजी, पोरगी हुशार आहे तुमची. पण तिले सांगा, नोट्स देत जा म्हणा. पोराचं नुकसान होऊन राह्यलं." तू आतल्या खोलीत ऐकत होतीस. ते गेल्यावर बाहेर आलीस आणि रडलीस. मोठी झाल्यावर तुला एवढं रडताना मी पाहिलं नव्हतं. विभागप्रमुखांनीही सांगितलं होतं की पुढच्या सत्रात असंच झालं तर वर्ग दुसऱ्याला देऊ.

मी म्हणालो, परीक्षेपुरतं तरी लिहून दे. तू डोळे पुसलेस. नाही म्हणालीस. रागानं नाही, थकल्या आवाजात. दुसऱ्या दिवशी श्रीकांतलाच भेटून विचारलंस, तुला काय हवं? त्यानं काय सांगितलं ते तू मला कधी सांगितलं नाहीस. ते मला फार नंतर कळलं, त्याच्याच तोंडून. तो म्हणाला होता, मॅडम, पाठ केलेलं पेपर झाला की मी विसरतो, पण पाठ केलं नाही तर भीती वाटते. तू त्याला म्हणालीस, भीती वाटेल तेव्हा माझ्याकडं ये. मग तू त्याची जोडी जंगूबाईशी लावून दिलीस. एकानं कळफलकापुढं बसायचं, दुसऱ्यानं सांगायचं, आणि मध्येच जागा बदलायच्या. पुढच्या सत्रात मार्क थोडे वर आले. थोडेच. पण वर्ग तुझ्याकडं राहिला.

आणि मग ताप.

इथं मला तुझ्यावर रागवायचं आहे. ताप लपवलास काऊन, माय? प्रॅक्टिकल परीक्षा तोंडावर होती, मुलांना अडचण यायला नको, हे सगळं मला समजतं. मीही तापात शाळेत गेलो आहे. पण तू गोळी खाऊन, तोंड धुऊन, आईला डबा मागून जात होतीस, आणि आम्ही दोघं समोर बसूनही आम्हाला दिसलं नाही! तू दिसू दिलं नाहीस. डेंग्यू निघाला तेव्हा फार उशीर झाला होता. नागपूरला नेताना गाडीनं पैनगंगेचा पूल ओलांडला, तेव्हा तू डोळे उघडून विचारलंस, कुठं आलो? मी म्हणालो, महाराष्ट्रात आलो. तू म्हणालीस, "बाबा, लॅबची किल्ली माझ्या निळ्या पर्समध्ये आहे. पोरायले द्या."

तुझं माझ्याशी शेवटचं बोलणं हेच. त्यानंतर तू डॉक्टरांशी बोललीस, आईकडं बघून काहीतरी पुटपुटलीस, पण माझ्या वाट्याला ती किल्ली आली. मी किती दिवस मनाशी म्हणत होतो, दुसरं काही बोलायला सुचलं नाही का ग तुला? बापाला सांगण्यासारखं काहीच नव्हतं?

किल्ली मी नेऊन दिली. तुझं सगळं झाल्यावर, कॉलेजात जाऊन. विभागप्रमुख खुर्चीतून उठले आणि माझा हात धरून उभे राहिले. ते वाईट माणूस नव्हेत, मित्रा. वर्गाला त्यांनी एक तात्पुरते प्राध्यापक दिले. त्यांच्याकडं आधीच चार वर्ग होते, ते गाइडमधून लिहून देत आणि पुढच्या वर्गाला पळत. तेही काय करणार?

घरात आम्ही दोघं. आई तुझं नाव घेत नव्हती. तुझी खोली झाडायची, तुझ्या कपड्यांना ऊन दाखवायची, पण नाव नाही. मी घेतलं तर उठून जायची.

एका रविवारी जंगूबाई आणि श्रीकांत आले. बसवलं, पाणी दिलं. मग श्रीकांतनं विचारलं, "सर, तुमाले कॉम्प्युटरमधलं काई येते का?"

मी म्हणालो, नाही.

"काहीच नाई?"

"फोन लावता येतो."

त्यांनी एकमेकांकडं पाहिलं. जंगूबाई म्हणाली, "मंग तुमीच पायजे."

मला समजेना. तेव्हा त्यांनी सांगितलं की तू दर आठवड्याला त्यांना एक काम द्यायचीस. जे शिकलात ते ज्याला काही येत नाही अशा माणसाला समजावून या, तो जिथं अडेल तिथं तुमचं शिकणं राहिलेलं आहे. घरच्यांना समजावून झालं होतं, ते आता कंटाळले होते. आपसात समजावलं तर सगळ्यांनाच येत असल्यानं कोणी अडत नव्हतं. त्यांना खरोखर अडणारा माणूस पाहिजे होता.

आयुष्यभर फळ्यापाशी उभा राहिलेला मी, त्या दिवसापासून तुझ्या विद्यार्थ्यांचा विद्यार्थी झालो. दर रविवारी बैठकीत चटई टाकायची, दोन-चार पोरं यायची, कधी जास्त. मी खुर्चीत. पाठ स्वयंपाकघराकडं, तोंड त्यांच्याकडं. आई चहा करून द्यायची आणि दार लोटून घ्यायची. पोरांचे आवाज तिला सोसत नाहीत असं मला वाटायचं. पोरं समजावायची, मी अडायचो. कधी खरंच काही कळत नसे. वय झालं, काय करणार! तेव्हा ती कागदावर काढून दाखवायची, वाट्या मांडायची, पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची. कोणी चिडायचं नाही. हा न चिडण्याचा गुण त्यांनी कोणाकडून घेतला ते मला माहीत होतं. माझ्याकडं तो नव्हता.

एकदा श्रीकांत मला स्वतःच स्वतःला बोलावणारा प्रोग्राम समजावत होता. त्याला कुठंतरी थांबायची जागा द्यावी लागते म्हणाला. मी विचारलं, आणि नाही दिली तर? तो म्हणाला, "तर तो थांबतच नाई सर. परत परत तेच करते, मशीन थकेपर्यंत." आतला भांड्यांचा आवाज एकदम बंद झाला. मीही पुढं काही विचारलं नाही. पोरांना वाटलं, मला समजलं.

सगळ्यांचं चांगलं झालं असं नाही, तुला खोटं सांगणार नाही. दोघं मध्येच गळाले. एक मंचेरियलला कोळशाच्या ठेकेदाराकडं कामाला लागला, एकीचं लग्न झालं. तू असतीस तर गेली असतीस त्यांच्या घरी. मी गेलो नाही. मला कोण ओळखतं?

आता कालचं.

परीक्षक हैदराबादहून आले होते, तरुणच होते. जंगूबाई आणि श्रीकांतचं प्रोजेक्ट म्हणजे तीच बस. फोनवर आपलं गाव निवडायचं, की फोन बोलून सांगतो, कोणती बस, कुठं उतरायचं, पुढं काय धरायचं. तेलुगूत, मराठीत आणि गोंडीत. मराठी आवाज श्रीकांतचा, गोंडी जंगूबाईचा. परीक्षकांनी सगळं पाहिलं आणि विचारलं, मध्ये ओढ्याला पूर आला आणि रस्ता बंद झाला, तर? मला आत्ता इथं करून दाखवा.

जंगूबाई गप्प झाली. किती वेळ! मी मागच्या बाकावरून पुढं वाकलो. श्रीकांतनं बोलायला तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. तिला सांगितलं नाही त्यानं. थांबला. मग तिनं थोडा वेळ मागितला, फळ्याकडं गेली, गावं काढली, रेघा काढल्या, एक रेघ पुसली. स्वतःशी गोंडीत बोलत होती. नंतर बसून तिनं प्रोग्राम बदलला. पहिल्यांदा फोननं चुकीची बस सांगितली. तिनं चूक शोधली. दुसऱ्यांदा बरोबर सांगितली.

परीक्षक खूश झाले. त्यांनी विचारलं, तुम्हाला कोणी शिकवलं? जंगूबाईनं तुझं नाव सांगितलं. ते म्हणाले, बोलवा की मॅडमना, मला भेटायचं आहे त्यांना. त्यांना बिचाऱ्यांना काय माहीत? मग जंगूबाई माझ्याकडं वळून म्हणाली, "त्यायचे बाबा आले आहेत."

परीक्षक माझ्यापर्यंत चालत आले. काय समजायचं ते त्यांना तेवढ्यात समजलं असावं. मी उठलो आणि म्हणालो, "माझी मुलगी आहे ती." होती, असं म्हणायला हवं होतं. तोंडातून निघालं नाही.

बाहेर नळावर तोंड धुतलं. दोघंही माझ्या मागं आले. श्रीकांतला हैदराबादला नोकरी लागली आहे, जंगूबाई पुढं शिकणार, तुझ्यासारखी मास्तरीण व्हायचं म्हणते. मग ती म्हणाली की आता रविवारी ते येणार नाहीत. मला हे माहीत होतं. तरी ते ऐकताना नळ धरून उभा राहिलो. पुन्हा एकदा कोणी घरातून चाललं होतं.

मी म्हणालो, मग खालच्या वर्गाच्या पोरांना पाठवा, मी आहेच. जंगूबाई संकोचली. म्हणाली, "ज्युनिअरच्या पोरी विचारूनच राह्यल्या सर. पण तुमी नाई चालणार."

"काऊन?"

"तुमाले आता येते ना."

मला हसू आलं आणि रडूही. एवढ्या वर्षांत मला कोणी वर्गातून काढलं नव्हतं! मग ती आणखी हळू आवाजात म्हणाली, "आईले येत नाई. अन् त्या ऐकते सर, दर रविवारी. तुमची पाठ राह्यते तिकडं. मले समोरून दाराच्या फटीत त्यायचा पदर दिसते."

मित्रा, एवढे महिने त्या दारामागं ती उभी होती आणि मला माहीत नव्हतं. मी समजत होतो की तिनं दार लोटलं म्हणजे तिला ऐकायचं नाही.

आता ती विहारातून येईल. मी तिला कालचं सगळं सांगणार आहे, परीक्षकांनी तुला बोलवायला सांगितलं तेही सांगणार आहे, तुझं नाव घेऊन. ती उठून गेली तर मागं जाईन. आणि विचारीन, येत्या रविवारी खुर्चीत तू बसशील का? नाही म्हणाली तर पुढच्या रविवारी विचारीन. कधीतरी ती बसेल, आणि पोरींपैकी कोणी बोलता बोलता ‘मित्रा मॅडम असं सांगायच्या’ म्हणेल, तेव्हा ती तिथून उठणार नाही.

तुला माझा शब्द आहे. ती बसली की चहा मी करीन. आणि आतून काही सांगणार नाही, ती अडली तरी.

तुझा,
बाबा